वरची खोली

परवा लंडनहून भाचीचा फोन आला. भाड्याच्या घराची शोधाशोध चाललीय तिची. म्हणाली, "मामा, एक घर आवडलं होतं, पण त्याच्या दाखल्यावर एफ आहे. मालकाला ते भाड्याने देताच येत नाही."

मला वाटलं, शाळेचा दाखला की काय! तर तसं नाही. तिकडे घर भाड्याने देताना ऊर्जेचा दाखला लागतो. ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट. इंग्लंड-वेल्समध्ये २०१८ च्या एप्रिलपासून ई-च्या खालचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. २०२० पासून जुन्या भाडेकरूंच्या घरांनाही हाच नियम, २०२३ पासून दुकानं-ऑफिसांनाही. काही सवलती आहेत म्हणे. तिकडे प्रश्न थंडीचा. ऊब भिंतीतून पळून जाते आणि हीटरचं बिल भाडेकरू भरतो.

फोन ठेवला आणि डोळ्यासमोर आली आमची वरची खोली.

वर नुसता स्लॅब. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. रात्री अकरालाही छत तव्यासारखं... गेल्या उन्हाळ्यात भाडेकरू म्हणाला होता, "काका, गच्चीला पांढरा रंग मारून घेता का? बाळ झोपत नाही." मी म्हटलं, "बघू की." आपल्याकडे 'बघू की' म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच!

लहानपणी साखर पेठेत आम्हीच भाडेकरू होतो. पत्र्याची खोली. आई दुपारी पत्र्यावर ओली पोती टाकायची. मालक तेव्हा हेच म्हणायचे, बघू. घर त्यांचं, घाम आमचा. आणि आता?

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ पासून ऊर्जा संहिता आहे, घरांसाठी २०१८ ची 'इको निवास संहिता'. पण दोन्हींचा रोख नव्या बांधकामावर. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे कायदा मालकाला जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवायला सांगतो, पण तापलेल्या छताला कोण दुरुस्ती म्हणणार? खर्च मालकाने करायचा आणि बिल वाचणार भाडेकरूचं, मग मालक कशाला हलतोय? मी तरी कुठे हललो?

उद्या असा नियम आला तर खर्च भाड्यात चढेल, ही भीती खरी आहे. एका खोलीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाईने पैसे कुठून आणायचे? तिला मदत द्यावी लागेल. माझ्यासारख्याला मात्र नियमच हवा. लाज फार उशिरा वाटते.

असो. रविवारी गच्ची झाडून चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारले. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा लावला. दिवसाला वीस तास फिरला तर महिन्याला २७ युनिट वाचतात. हिशेब भाडेकरूनेच मांडून दाखवला.

खोली थंडगार झाली असं म्हणणार नाही. पण परवा रात्री वरून रडण्याचा आवाज आला नाही. आई असती तर म्हणाली असती, "एवढंच होतं, तर वर्ष का लावलंस?"