नाव ठेवू नये

पाखराला नाव ठेवू नये, हा आमच्या घरचा नियम. लग्न होऊन मी देवरुखजवळच्या या वाडीत आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी तो सांगितला. एका तांबड्या तलंगेला मी हौसेनं 'राणी' म्हणाले होते. "नाव ठेवलंस की जीव अडकतो," त्या म्हणाल्या, "मग मृगाला सुरी चालत नाय." मला ते पटलं. पुढची तीस वर्षं मी शाळेत रोज सकाळी पस्तीस-चाळीस नावांची हजेरी घेतली आणि घरी आल्यावर कोंबड्या मात्र नुसत्या मोजल्या. तिन्हीसांजेला खुराड्याचं दार लावताना चौदा भरल्या की कडी. तेरा भरल्या तर परड्यात एक फेरी, दोन हाका. सापडली तर ठीक, नाही तर उद्यापासून तेरा.

दुसरं एक मत होतं, ते मात्र माझं मीच कमावलेलं. गावठी कोंबडी काटक, तिला लसबिस लागत नाही. ब्रॉयलरचं पाखरू पस्तीस-चाळीस दिवसांत कापायच्या वजनाला येतं, त्या नाजूक जिवाला औषधं लागणारच. आमची पाखरं उकिरडा उकरून, वाळवी वेचून, पावसात भिजून वाढलेली. हे मी शेजारणींना सांगायचे, बचत गटाच्या बैठकीत सांगायचे. एकदा लस द्यायला सरकारी माणसं दारात आली, तर त्यांनाही सांगितलं. चहा पाजला आणि परत पाठवलं. बाईंनी पाठवलं म्हणून पुढच्या चार घरांनीही पाठवलं.

2006च्या फेब्रुवारीत नंदुरबारकडच्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले, तेव्हा आम्ही महिनाभर अंडंसुद्धा शिजवलं नाही. कुठं नंदुरबार, कुठं आम्ही! पण दर उन्हाळ्यात वाडीत पाखरं पटापट मरायची, त्याला कुणी रोग म्हणत नव्हतं. 'मर आली' म्हणायचे, वारा सुटला म्हणावं तसं. पेपरात आलेल्या रोगाची आम्हाला भीती होती, अंगणातल्या रोगाची सवय होती.

मे 2022मध्ये नात डोंबिवलीहून सुट्टीला आली. सहावीत गेलेली. दोन दिवस मोबाइलला रेंज नाही म्हणून रुसून बसली. तिसऱ्या दिवशी शाळेची एक उरलेली वही घेऊन मागच्या पायरीवर बसली आणि तेरा कोंबड्यांना तेरा नावं देऊन मोकळी झाली. मी सासूबाईंचा नियम सांगितला. ती म्हणाली, "अगं, मी नावं ठेवत नाहीये, नाव ठेवतेय." यावर मला उत्तर सुचलं नाही.

सगळ्यांत थोरली काळी कोंबडी 'हेडबाई' झाली. कण्या टाकल्या की पहिली चोच तिची. मध्ये कुणी घुसली तर डोक्यात टोच. हेडबाईनं टोचलेली दुसरीला टोचायची, दुसरी तिसरीला, आणि शेवटची एक पांढुरकी कुणालाच टोचू न शकता कुंपणाशी उभी राहायची. नॉर्वेतल्या शेल्डेरूप-एब्बे नावाच्या माणसाला लहानपणीच कोंबड्यांचं वेड लागलं होतं. शंभर वर्षांपूर्वी त्यानं ही उतरंड शास्त्राला सांगितली. माझ्या परसात ती रोज चालायची आणि मला वाटायचं, भांडतायत मेल्या.

'चोरटी' कधी खुराड्यात अंडं घालायची नाही. लाकडांच्या माचाखाली, पेंढ्यात, एकदा तर पडवीतल्या जुन्या हेल्मेटमध्ये. 'आई' वर्षातून तीनदा खुडूक व्हायची. अंडी नसली तर करवंटीवरही बसायची, आणि जवळ गेलं की पिसं फुलवून घुर्र करायची. अशा कोंबडीचं खूळ उतरवायला मी तिला पाण्यात बुडवायचे, नाकात पीस घालायचे; सगळेच घालतात. नातीनं ते करू दिलं नाही. मग टोपलीत पेंढा घालून अकरा अंडी ठेवली, रिवाजाप्रमाणे खिळा आणि कोळसाही ठेवला. सातव्या रात्री टॉर्चवर एकेक अंडं धरून आम्ही आतल्या तांबड्या शिरा पाहिल्या. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं.

कोंबड्याचं नाव 'गुरुजी'. किडा सापडला की तो स्वतः खात नसे. कुक-कुक करून कोंबड्यांना बोलवायचा, चोचीतला घास खाली टाकून पुन्हा उचलायचा. मी म्हटलं, बघ कसा शहाणा आहे. नात बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, आत्ता त्याच्याकडे काहीच नाहीये. नुसताच बोलावतोय." खरंच होतं. आकाशात घार दिसली की तो एक लांब किंकाळीसारखा आवाज काढायचा, पण मुंगूस दिसलं तर तुटक-तुटक कलकलाट. पहिल्या आवाजाला कोंबड्या झुडपाखाली दबायच्या, दुसऱ्याला माना वर काढून उभ्या राहायच्या. तीस वर्षं हे दोन्ही आवाज माझ्या कानावर पडत होते.

आणि 'उशिरा'. हे क्रियाविशेषण नव्हे, नाव. तिन्हीसांजेला सगळी पाखरं आत गेली तरी ही कोकमाच्या फांदीवर. रोज तिच्यासाठी दार उघडं ठेवायचं, रोज शिव्या.

सुट्टी संपली. वही इथंच राहिली. दर रविवारी फोनवर नात एकेकीची चौकशी करायची, म्हणून मला नावं ध्यानात ठेवावी लागली. मी ती उच्चारत मात्र नव्हते. पोरीचा खेळ, मला काय त्याचं!

2023च्या शिमग्यात पालखीला पाहुणे येणार म्हणून मी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला. पाहुणे आले नाहीत. कोंबडा खुराड्यात इतरांबरोबर सोडला. पाचव्या दिवशी तो मेला. ऊन लागलं असेल म्हणाले.

आठवडाभरानं एका संध्याकाळी मी कडी लावायला गेले तर उशिरा सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसलेली.

मोजणीत ती भरलीच असती. आकडा म्हणजे आकडा. पण नाव माहीत होतं म्हणून मी दारातच थबकले. सकाळी तिच्याखाली हिरवट पातळ शिट होती. पंख लोंबलेले, चोच उघडी, घशात घरघर. दुपारी गेली. दुसऱ्या दिवशी हेडबाईची मान पिळल्यासारखी मागं वळली आणि ती स्वतःभोवतीच फिरू लागली. मानमोडी. पुस्तकात हिला राणीखेत म्हणतात. 1920च्या दशकात आपल्याकडे कुमाऊँतल्या त्या गावी ती ओळखली गेली म्हणून. त्याच डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेतून पुढं तिच्यावरची लसही निघाली. म्हणजे माझ्या आईच्या लहानपणी निघालेली लस मी माझ्या म्हातारपणी चहा पाजून दारातून परत पाठवली होती.

आता जे लिहायचं ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहून काही उपयोग नाही. हेडबाईची मान वळली त्या संध्याकाळी वरच्या वाडीतली एक बाई आमच्याकडे काजूच्या कामाला आली होती. मी तिला दोन कोंबड्या विकल्या. धडधाकट दिसत होत्या. बाजारात एकीचे पाचशे आले असते. मी तीनशेला दिल्या. "खुराड्यात जागा होत नाही," म्हणाले. जागा कशी होणार होती हे मला ठाऊक होतं. रोग आला की असलेली पाखरं विकून किंवा कापून मोकळं व्हायचं, हे इथं सगळे करतात. मीही आधी केलं असेल, पण तेव्हा मला तो शहाणपणा वाटला होता. पंधरा दिवसांत तिच्या सातही गेल्या. माझ्या दोन धरून नऊ.

नातीला फोनवर मी तीन रविवार खोटं बोलले. चरायला गेल्यात, खुडूक बसल्यात, रेंज नाही. मेमध्ये ती आली, चपला काढायच्या आधी मागच्या दारी गेली आणि वही घेऊन पायरीवर बसली. रडली नाही. एकेक नाव वाचत गेली. उशिरा? गेली. हेडबाई? गेली. गुरुजी? गेला. चोरटी? आहे. आई? आहे, पण मान वाकडी. दोन नावांना मी "विकल्या" म्हणाले, तेव्हा तिनं वर पाहिलं. "कधी?" तिनं विचारलं. मी तारीख सांगितली. तिनं ती लिहून घेतली आणि मागच्या पानावर जाऊन उशिराच्या आजारपणाची मी लिहिलेली तारीख पाहिली. सहावी पास झालेली मुलगी होती. तिला वजाबाकी येत होती.

त्या रात्री मी ती वही घेऊन बसले. आदल्या वर्षी तीन कोंबड्यांखाली मिळून एकतीस पिल्लं निघाली होती. नातीनं सांगितलं होतं म्हणून मी आकडे लिहीत गेले होते. तलंगा झाल्या नऊ. घार आणि मुंगसानं नेली ती मला आठवत होती, पाच-सहा. बाकीची कधी मलूल झाली, कधी मेली, कधी मी उकिरड्यापलीकडे टाकली, काही आठवेना. एखाद्या वर्गात एकतीस पोरं पहिलीत आली आणि नऊ चौथीला पोचली, तर त्या नवांकडे बघून मी शाळा उत्तम आहे म्हटलं असतं का? गावठी काटक असते, हे मी उरलेल्यांकडे बघून म्हणत होते. मेलेल्यांना नाव नव्हतं, म्हणून त्या हिशेबात आल्याच नाहीत.

मग दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, किती पाखरं? मी म्हटलं, सध्या दोन, आणि शेजारणीनं दिलेली सात पिल्लं. ते हसले. लस शंभर मात्रांच्या बाटलीत येते, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणजे एकटीनं शहाणं होऊन भागत नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दोन महिन्यांची झाली की पंखाखाली टोचण, आणि आजारी पाखराला द्यायची नाही. बाहेरून आणलेलं पाखरू दोन-तीन आठवडे वेगळं डालायचं. बस, एवढंच. तीस वर्षं मी ज्याला विरोध केला, ते सगळं एका चिठ्ठीवर मावलं.

घरोघर फिरले. "बाई, तुमीच बोलला होतात ना, लस दिली की कोंबडी अंडी द्यायची थांबते?" बोलले होते. चार दिवस कमी होतात कधी कधी. मी त्याचं कायमचं केलं होतं. आता त्याच तोंडानं उलटं सांगायचं म्हणजे काय असतं, ते निवृत्त शिक्षिकेनंच जाणावं. वरच्या वाडीतल्या त्या बाईकडे शेवटी गेले. दोन तलंगा घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ सुपातलं पाखडत राहिली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाली. तलंगा तिनं ठेवून घेतल्या. चहा मात्र विचारला नाही.

लसीच्या दिवशी पहाटे, पाखरं खुराड्यातून सोडायच्या आत, आमच्या अंगणात डालग्यांची रांग लागली. बर्फाच्या थर्मासमधून बाटली निघाली. एकशे चार पाखरं भरली. चार घरी परत गेली, पुढच्या वेळेसाठी. ती बाई आली होती. माझ्याशी बोलली नाही. रांगेत उभी राहिली.

आई अजून आहे. मान डावीकडे वळलेली, दाणा टिपायला जाते आणि चोच बोटभर बाजूला पडते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमतं. तिला वेगळ्या वाडग्यात ओला कोंडा देते, त्यात चोच कुठंही पडली तरी चालते. चोरटीनं गेल्या महिन्यात माझ्या चपलांच्या खोक्यात अंडं घातलं.

नवीन तलंगांची नावं नात फोनवरून सांगते, वहीत मी लिहिते. नाव, कधी निघाली, लस कधी, कशी आहे. कोंबडी खाणं आम्ही सोडलेलं नाही, तसं सांगून कुणाला फसवायचं नाही. यंदा मृगाला एक कोंबडा कापला. त्याचं नाव होतं 'भोंगा'. सासूबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं, सुरी चालेना, ह्यांनी कापला. रस्सा मीच केला. रात्री वहीत त्याच्या नावापुढं तारीख घातली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: आम्ही खाल्ला.