थर्ल्सच्या चौकातून क्रोक पार्ककडे

डब्लिनहून कॉर्ककडे जाणारी आगगाडी सुमारे सव्वा तासाने थर्ल्स नावाच्या स्थानकावर थांबते. टिपेररी परगण्यातील हे लहानसे बाजारगाव शूर नदीच्या काठी वसलेले आहे. मध्यभागी लिबर्टी चौक, चौकाच्या एका टोकास आर्चबिशप क्रोक यांचा पुतळा आणि चौकातच हेज हॉटेल नावाची जुनी वास्तू. प्रवाशाने थांबून पाहावे असे या इमारतीत वरकरणी काही नाही. परंतु १ नोव्हेंबर १८८४ रोजी येथे मूठभर माणसे जमली आणि त्यांनी गेलिक क्रीडासंघाची स्थापना केली. परकी सत्तेखाली आपले देशी खेळ लोपून जाऊ नयेत, ही त्यांची तळमळ होती. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक हे संघाचे पहिले आश्रयदाते झाले, आणि डब्लिनच्या विशाल क्रीडांगणास पुढे त्यांचेच नाव मिळाले.

या पहिल्या सभेनंतर नव्वद वर्षे लोटली. १८ जुलै १९७४ रोजी त्याच हॉटेलात दुसरी सभा भरली आणि स्त्रियांच्या गेलिक फुटबॉल संघटनेचा जन्म झाला. त्यापूर्वी मुली गावोगावच्या जत्रांतून हौसेने खेळत. लोक गंमत म्हणून पाहत आणि घरी जात. सभेस अवघ्या चार परगण्यांचे प्रतिनिधी होते. त्याच वर्षी डरो या खेड्यात पहिला अखिल आयर्लंड अंतिम सामना झाला आणि टिपेररीच्या मुलींनी ऑफली परगण्यास हरविले. मूळ क्रीडासंघाने मात्र या संघटनेस अधिकृत मान्यता दिली ती १९८२ साली. आठ वर्षे बहिणींना अंगणात उभे ठेवून मग घरात घेतले, असेच म्हणावे लागेल!

हा खेळ आपल्याकडील फुटबॉल नव्हे, हे वाचकांस आधीच सांगितले पाहिजे. गोव्यात फुटबॉल रुजविण्याचे श्रेय १८८३ साली आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंस दिले जाते. पण त्यांनी आणलेला तो पायाचा चेंडू, आणि हा हातापायाचा. प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू. चेंडू हाती घेऊन चार पावले धावता येते. पुढे तो जमिनीवर आपटून झेलावा लागतो किंवा पायाच्या अंगठ्यावरून पुन्हा हाती घ्यावा लागतो. लागोपाठ दोनदा आपटण्यास मनाई आहे. गोलाचे खांब 'एच' अक्षरासारखे उंच असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण, वरून गेला तर सहसा एक. पुरुषांच्या खेळात जमिनीवरील चेंडू पायाने उचलूनच हाती घ्यावा लागतो. स्त्रियांस तो सरळ हाताने उचलता येतो. त्यामुळे त्यांचा खेळ अधिक वेगवान वाटतो, आणि आमच्या मते पाहण्यासही अधिक सुखद.

परंतु आम्हांस सर्वांत जवळची वाटली ती या खेळाची घडण. बहुतेक ठिकाणी क्लबची हद्द म्हणजे धर्मग्रामाची हद्द. मुलगी ज्या धर्मग्रामात वाढली त्याच्याच संघातून खेळते. दुसऱ्या क्लबात जायचे तर रीतसर परवानगी काढावी लागते. कित्येक क्लबांना संतांची नावे आहेत. धर्मग्रामांचे संघ परगण्याच्या लीगमध्ये खेळतात, त्यांतून परगण्याचा संघ निवडला जातो, आणि परगणे प्रथम आपल्या प्रांतात व मग देशात झुंजतात. या सर्व उतरंडीत कोणासही वेतन नाही. शिक्षिका, परिचारिका, विद्यार्थिनी, शेतकऱ्यांच्या लेकी अशा सगळ्या दिवसभराचे काम आटोपून मैदानावर येतात. डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या मुली सरावासाठी आठवड्यातून दोन-दोनदा मोटार हाकीत गावी येतात.

टिपेररीतील अशाच एका खेड्यात लीगचा सामना पाहण्याचा योग आम्हांस आला. पाऊस येत होता, जात होता, आणि कोणी त्याची दखल घेत नव्हते. मैदानापलीकडे गाई चरत होत्या. मैदानाकडेला छत्र्या घेतलेल्या आया, गुडघाभर बुटांतले बाप, कुंपणावर चढलेली पोरे. गोलरक्षक मुलीची आजी तिला मोठ्याने सूचना देत होती आणि ती मुलगी एकही सूचना ऐकत नव्हती. सामना संपताच दोन्ही गावच्या मुली एकाच खोलीत चहाच्या किटलीभोवती बसल्या. बाहेर मात्र पुरुषांचा संघ बूट बांधून तयार होता. विजेच्या दिव्यांखालची वेळ त्यांची होती.

खरे दुखणे येथेच आहे. मैदाने पुरुषांच्या क्रीडासंघाच्या मालकीची आहेत. स्त्रियांची संघटना निराळी असल्यामुळे तिला ती मागून घ्यावी लागतात. ६ डिसेंबर २०२० रोजी कॉर्क व गॅलवे यांचा अखिल आयर्लंड उपान्त्य सामना व्हावयाचा होता. प्रथम लिमरिकचे मैदान ठरले. ते पुरुष संघाच्या सरावासाठी हवे झाले. मग डब्लिनचे पार्नेल पार्क ठरले. तेथे दव गोठून जमीन टणक झालेली. शेवटी आयत्या वेळी क्रोक पार्क मिळाले, सामन्याची वेळही अलीकडे आणली गेली, आणि गॅलवेच्या मुलींना अंग गरम करण्यास जेमतेम काही मिनिटे मिळाली. वर्षभर घाम गाळलेल्या खेळाडूंची ही संभावना देशभर चर्चिली गेली. २०२१ साली सरकारने परगणा संघांतील स्त्रियांचे अनुदान पुरुषांच्या बरोबरीस आणले. तरी २०२३ च्या उन्हाळ्यात प्रवासखर्च, वैद्यकीय मदत व मैदाने यांसाठी खेळाडूंना निषेध नोंदवीत खेळावे लागले. माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअॅलीस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिन्ही क्रीडासंघटना एक करण्याचे काम हाती घेतले, आणि २०२४ च्या आरंभी त्यासाठी २०२७ हे वर्ष जाहीर झाले. जेवणाचे ताट एक झाले तरी वाढप समान होईल काय, अशी शंका खेड्यांतून आमच्या कानी आली. ती अगदीच निराधार म्हणवत नाही.

आणि लोकांस हा खेळ नको आहे असे तर मुळीच नाही. २०१९ च्या अंतिम सामन्यास क्रोक पार्कमध्ये ५६,११४ प्रेक्षक होते. २०१४ सालचा अंतिम सामना तर आयर्लंडमध्ये अजून सांगितला जातो. सुमारे पंधरा मिनिटे उरली असता कॉर्कच्या मुली डब्लिनपेक्षा दहा गुणांनी मागे होत्या. त्यांचे प्रशिक्षक इमन रायन हे पेशाने शिक्षक. मुली डगमगल्या नाहीत. त्यांनी तो सामना एका गुणाने जिंकला. त्या संघातील ब्रीज कॉर्करी ही दगड घडविण्याचे काम शिकलेली पाथरवट. तिने व तिची सहकारी रीना बकली हिने फुटबॉल आणि कमोगी या दोन खेळांत मिळून प्रत्येकी अठरा अखिल आयर्लंड विजेतेपदे मिळविली. छिन्नी-हातोडा चालविणाऱ्या हातांची ही कमाई आहे, आणि तिच्यापोटी एक पैचेही वेतन नाही.

अलीकडे मात्र दूरचा देश वेतन देऊ लागला आहे. ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या फुटबॉल लीगला आयरिश मुलींचे हात व पाय दोन्ही उपयोगी पडतात. मेयो परगण्याची कोरा स्टाँटन २०१८ च्या हंगामात तेथे खेळली. २०२४ पर्यंत अशा मुलींची संख्या तिसावर गेली. कित्येक हंगाम संपताच घरी परततात, काही परतत नाहीत. शिवाय नोकरीसाठी सिडनी-लंडनला गेलेल्या निराळ्याच. आम्ही पाहिलेल्या त्या खेड्यातील क्लबात चौदा वर्षांखालील संघास पुरेशा मुली भरत नव्हत्या. म्हणून शेजारच्या धर्मग्रामाबरोबर एकत्र संघ उभारण्याचे ठरत होते, आणि त्या संघाने कोणत्या रंगाचा सदरा घालावा यावरून दोन्ही गावांत कडाक्याचा वाद चालला होता.