हिशेब एकाच जागी

हळदीचा हंगाम. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात कट्ट्यांच्या थप्प्या लागल्यात. आडत, हमाली, तोलाईचं सगळं गणित एक्सेलच्या ॲड-इनमध्ये पक्कं बसलंय. नव्या बिलिंग प्रोग्रामसाठी ते पुन्हा कशाला लिहायचं?

त्या प्रोग्रामने ॲड-इनलाच हाक मारावी. मात्र बाहेरच्या प्रोग्रामने एक्सेल सुरू केलं, की एक्सएलएएम ॲड-इन, म्हणजे मॅक्रोंची फाइल, आपोआप येत नाही. ती फाइल कोडमधूनच उघडायची, मग ‘ॲप्लिकेशन.रन’ने मॅक्रो चालतो. कॉम ॲड-इनची तऱ्हा निराळी. ‘कॉमॲडइन्स’च्या यादीतून त्याचं ऑब्जेक्ट मागायचं, पण लिहिणाऱ्याने ते बाहेर दिलेलंच नसेल, तर हाती काहीच लागत नाही.

तरी खटाटोप करावाच. गणित दोन ठिकाणी ठेवलं, की एखादा दर एकीकडे बदलतो, दुसरीकडे राहतो. आणि फरक निघतो शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत.