पिवळा, नारिंगी आणि आमची वीटभट्टी

वीटभट्टीचा कारभार वडिलांकडून माझ्याकडे आला तो 2024 च्या उन्हाळ्यात. चिखल किती तिंबायचा, भट्टी कशी रचायची, हे मुकादम मामा शिकवत होते. उन्हाचं मात्र कुणी शिकवत नव्हतं, आणि त्या एप्रिल-मेमध्ये हवामान खात्याचे उष्णतेचे इशारे एकामागून एक येत होते. त्यातला आपला कुठला, हेच आधी कळेना.

बेळगाव जिल्ह्यातल्या आम्हा खानापूरकरांची अडचण जरा वेगळीच. घरातल्या टीव्हीवर मराठी बातम्या, त्यात कोल्हापूर, सांगली, सोलापूर. पाहुणेरावळे लोंढ्यापलीकडे गोव्यात, ते तिथला इशारा पुढे पाठवणार. मोबाईलवर येणारा सरकारी मेसेज कन्नडमधून. तिन्हींतल्या इशाऱ्यांचे रंग वेगळे असले की मी बघतच राहायचो. शेवटी ओळखीच्या भूगोलाच्या सरांनी वहीत नकाशा काढला. हवामान खात्यानं देशाचे 36 उपविभाग पाडलेत. कोल्हापूर मध्य महाराष्ट्रात, पणजी कोकण-गोव्यात आणि आपण उत्तर अंतर्गत कर्नाटकात. आपला अंदाज बंगळूरच्या केंद्रातून निघतो. घरी कुठलीही भाषा बोला, ऊन कुठलं मोजायचं ते ठरलेलं आहे.

एक गाठ सुटली, तर दुसरी बसली. इशाऱ्याचा रंग जिल्ह्याला मिळतो, आणि बेळगाव जिल्हा केवढा! एका टोकाला अथणी-रायबागचा तापलेला माळ, दुसऱ्या टोकाला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते. आमच्या एका तालुक्यातच दोन उन्हाळे आहेत. जांबोटी-आमगावकडे रानाची सावली, तर इटगी-पारिश्वाडकडे उघडं रान. रंग मात्र सगळ्यांना एकच.

मग उष्णतेची लाट म्हणजे नेमकं काय, हे सरांना विचारलं. मैदानी भागात पारा निदान 40 अंशांवर जायला हवा आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवा. सरासरीपेक्षा 6.4 अंशांहून जास्त चढला तर तीव्र लाट. पारा थेट 45 ला टेकला, तर सरासरी न बघताच लाट धरतात. तेही उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस दिसावं लागतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. किनाऱ्याला 40 ची मर्यादा 37 वर येते. मामा हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "आण्णा, दोन दिस थांबून मग गरम हाय म्हणणार व्हय? पोरं त्याच्या आदीच आडवी पडतील की!"

मामांच्या प्रश्नाला उत्तर आहे. लाट झाल्याची नोंद नंतर होते, पण इशारा पुढच्या पाच दिवसांचा आधीच दिलेला असतो. मात्र तो समजून घ्यायला आणखी एक गोष्ट माहीत हवी. वेधशाळेचा तापमापक उन्हात नसतो. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, वारा खेळता राहील अशा सावलीत तो टांगलेला असतो. म्हणजे बातम्यांतले 38 अंश हे सावलीतले. आमची माणसं विटा पाडतात ती उघड्यावर, खालून जमीन तापलेली, बाजूला भट्टीची धग. त्यांचं ऊन त्या आकड्यात येतच नाही.

चाळिशीच्या आत धोका नसतो, ही समजूत तर खारघरच्या दुर्घटनेनं कायमची खोडली. 16 एप्रिल 2023 ला तिथं महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्या मैदानात बसले होते. पारा 38 च्या आसपास होता. उष्माघातानं 14 जण गेले.

रंगांचा अर्थही तेव्हा वाचून काढला. पिवळा म्हणजे धडधाकट माणसाला सोसेल, पण तान्ही मुलं, म्हातारी माणसं आणि आजाऱ्यांना जपा. नारिंगी म्हणजे बराच वेळ उन्हात असणाऱ्या किंवा अंगमेहनत करणाऱ्या माणसांना आजार होण्याची दाट शक्यता. लाल म्हणजे कुणाचीच सुटका नाही. आम्ही सगळे लाल रंगाची वाट बघत बसतो आणि आमच्यासाठी लिहिलेला रंग नारिंगी आहे.

आमच्या भट्टीवरची काही कुटुंबं विजापूरकडची. त्यांना दुपारी काम थांबवण्यात नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे सरकारी कचेऱ्यासुद्धा एप्रिल-मेमध्ये सकाळी 8 ते दुपारी दीड एवढ्याच उघड्या असतात. 2025 सालीही कलबुर्गी विभाग, विजापूर आणि बागलकोटसाठी तसा आदेश निघाला. बेळगाव त्यात नाही, आणि कचेऱ्यांचा तो आदेश वीटभट्टीला लागू नाही. म्हणून आम्हीच वेळ ठरवली. पहाटे उजेड फुटायच्या आत चिखल तयार, अकराला साचे खाली, पुन्हा काम चारनंतर. भट्टीच्या कडेला शेड, खानापूरच्या कुंभारांचे माठ, दहाला नाचणीची आंबील नाहीतर ताक. विटा थोड्या कमी पडतात. मजुरी कापायची नाही, एवढं वडिलांकडून वदवून घेतलं.

मे महिन्यात वळीव पडून गेला की अजून गोंधळायला होतं. पारा उतरतो, इशारा जातो, पण हवा दमट होऊन घाम वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही, म्हणून पस्तीस अंशांतही माणूस गळून जातो. अशा दिवशी रंग हिरवा, म्हणजे इशारा नसला, तरी आमची दुपारची सुट्टी कायम असते.

ज्यांच्या हाताखाली चार माणसं उन्हात राबतात, त्यांना माझं सांगणं एवढंच. जिल्ह्याचा रंग रोज बघा, पण निर्णय आपल्या अंगणातलं ऊन बघून घ्या. नारिंगी दिसला की कुणाच्या हुकमाची वाट न बघता दुपारचं काम थांबवा. कुणी असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.