घशाची उधारी

घशानं उधारी करावी आणि फेडायला कातडीला बसवावं, असा हा प्रकार. आषाढात माझा घसा धरला. थुंकी गिळणंही नको व्हायचं. मिठाच्या गुळण्या, हळद घातलेलं दूध. आठवड्याभरात सगळं ओसरलं आणि मी विसरूनही गेले. श्रावण लागता लागता पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लाल ठिपके उठले. मसुराएवढे, वर पांढुरका कोंडा.

काकूच्या मते मासे आणि दूध एकत्र पोटात गेलं होतं. आजी म्हणाली, उष्णता. शेजारून नायट्याचं मलम आलं. घसा आठवला तो फक्त त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंना. पाठ बघता बघताच त्यांनी विचारलं, "दोन-तीन आठवड्यांमागं घसा दुखला होता का गं?" रक्तात एएसओ, म्हणजे घशातल्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं, वाढलेली निघाली. निदान झालं, गटेट सोरायसिस.

यामागचा जंतू स्ट्रेप्टोकॉकस पायोजीनस. टॉन्सिलमध्ये त्याची ओळख पटलेल्या, प्रतिकारशक्तीच्या टी पेशी रक्तातून कातडीत उतरतात. तिथल्या केराटिन 17 या आपल्याच प्रथिनाचे काही तुकडे जंतूच्या एम प्रथिनासारखे असतात, आणि त्या सारखेपणानं पेशी फसतात, असं संशोधक मानतात. मग महिनाभर चालणारं कातडी नवी करण्याचं काम चार-पाच दिवसांत उरकलं जातं, कोंडा त्याचाच. घसा धाकट्या भावाचाही धरला होता, त्याच्या अंगावर काही उठलं नाही. एचएलए-सी 06:02 हा जनुकप्रकार असला की हा आजार होण्याची शक्यता बरीच वाढते. 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिराती पाहिल्या की मला हसू येतं. माझी कमी नव्हतीच. नको तितकी तत्पर होती.

मग टॉन्सिलच काढून टाकले तर? घसा दुखला की ज्यांचा जुना सोरायसिस उसळतो, अशा 29 जणांपैकी 15 जणांवर आइसलँडमध्ये हे करून पाहिलं. 2012 साली ते प्रसिद्ध झालं. शस्त्रक्रिया झालेल्या 15 पैकी 13 जणांना टिकाऊ उतार पडला. अभ्यास छोटा आहे, सरसकट सल्ला म्हणून तो घेऊ नये.

माझे डाग मलमानं आणि कोवळ्या उन्हानं दिवाळीपर्यंत गेले. काहींच्या अंगात हा आजार मुक्कामालाच राहतो. माझे डाग होते तोवर बसमध्ये शेजारची बाई पदर सावरून सरकायची. डाग चिकटत नाहीत; चिकटतो तो घसा. आणि घसा धरलेल्या माणसापासून कुणी असं सरकून बसल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.