कागद झाला का?

लग्न झालं की लोक विचारतात, हनिमूनला कुठे? आम्ही लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो. नवरा, त्याचा मामा, माझे काका, भटजी आणि माझी आजी अशी वरात घेऊन!

ही गोष्ट मे २०२४ची. माझं माहेर वेल्हे तालुक्यात, मार्गासनीजवळ. सासर भोर. आणि आम्ही दोघं राहतो लीड्सला, इंग्लंडमध्ये. तो तिथे नोकरीला, स्किल्ड वर्कर व्हिसावर. मी एमए करायला गेलेली, स्टुडंट व्हिसावर. माझा व्हिसा जानेवारी २०२५मध्ये संपणार होता. पुढे एकत्र राहायचं तर मला कागदोपत्री त्याची 'डिपेंडंट' व्हायला हवं होतं. (या शब्दाने माझ्यातली मास कॉमवाली अजूनही चिडते, पण जाऊ द्या.) त्यासाठी हवा विवाह नोंदणीचा दाखला. आपल्याकडे १९९८च्या कायद्याप्रमाणे गावात तो ग्रामसेवकच देतो. नमुना 'ड'चा अर्ज, शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, लग्नपत्रिका, फोटो, भटजींची सही आणि तीन साक्षीदार.

तिसरी साक्षीदार आजी. खरं तर आत्या यायची होती, पण आजी हटूनच बसली. "लगीन म्या बघितलंय, अंगठा म्याच देनार." दिला. शाई पदराला पुसली आणि ग्रामसेवकाला विचारलं, "भाऊसाहेब, झाला का कागद?"

दोन दिवसांनी झाला. पुण्यात त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्काचा पत्ता आणि 'हे भाषांतर अचूक आहे' असं लेखी, हे सगळं त्यावर लागतं. तुमच्यापैकी कुणी या फंदात पडणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. घाईत नेमकं हेच राहतं.

डिसेंबरमध्ये लीड्सला बसून ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. बाहेर चार वाजताच अंधार, हीटर चालू, चहाचे कपावर कप. जन्मठिकाण? वेल्हे. (२०२५मध्ये तालुक्याचं नाव अधिकृतपणे राजगड झालंय. पासपोर्टवर मी मात्र वेल्ह्याचीच.) तुम्हाला आणखी कुठल्या नावाने ओळखतात का? इथे आम्ही अडलो. मी लग्नानंतर नाव बदललेलं नाही, पण लग्नात याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं एक नाव लिहिलं होतं, सासूबाईंच्या आग्रहाखातर. ते धरायचं का? "त्या नावाने तुला कोण ओळखतं?" नवरा म्हणाला. कुणीच नाही. त्या तांदळाची खीरसुद्धा झाली होती. 'नाही'वर टिक केलं.

पुढचा प्रश्न जास्त अवघड. एकत्र कधीपासून राहता? घरी माहीत होतं त्याप्रमाणे मी लग्नापर्यंत तीन मुलींबरोबर राहत होते. भाडेकरारावर मात्र आमची दोघांची नावं होती, नोव्हेंबर २०२३पासून. जे आईला सांगायची हिंमत झाली नव्हती, ते ब्रिटनच्या होम ऑफिसला पहिल्या झटक्यात खरं खरं सांगून टाकलं! आई हा अंक वाचणार आहे. वाचू दे.

मग पैसे. व्हिसाची फी वेगळी आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सरचार्ज वेगळा, वर्षाला १०३५ पौंड. तोही जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा, एकदम. कार्ड स्वाइप करताना याचा चेहरा बघण्यासारखा होता. या व्हिसावर मला नोकरी करता येणार होती, फक्त व्यावसायिक खेळाडू किंवा कोच होता येणार नव्हतं. तोरण्याच्या निम्म्या चढावर बसकण मारणाऱ्या मला हे फारसं जड गेलं नाही.

बोटांचे ठसे दिले आणि वाट बघायला लागलो. अशा अर्जाचा निकाल साधारण आठ आठवड्यांत लागतो. तोपर्यंत देश सोडायचा नाही, सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. आयर्लंडला गेलेलं चालतं, आयल ऑफ मॅनला गेलेलं चालतं. वेल्ह्याला नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे बाबांचा फोन आला. आजीला अर्धांगाचा झटका आला होता. नसरापूरमार्गे पुण्याला आणलं होतं, आयसीयूत होती.

आता खरं काय ते लिहिते. सिनेमात असतं तसं मला कुणी अडवलं नव्हतं. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलेला नव्हता, माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. नवरा लगेच म्हणाला, "तू जा. पुन्हा भरू फॉर्म." तिकीटही शोधायला लागला. मोबाइलवर हिशोब करत बसले ती मीच. स्टुडंट व्हिसाची तारीख उलटून गेलेली. म्हणजे गेले की अर्ज रद्द, परत येण्याचा रस्ता बंद. मग भारतातून नवा अर्ज, नवी फी, पुन्हा वाट बघणं. किती दिवस? दोन महिने? चार? आणि नाकारला तर? संध्याकाळी पुन्हा बाबांशी बोलले. ते म्हणाले, "येऊन तरी काय करणार? आत एकेकालाच सोडतात." मला हेच ऐकायचं होतं. मी लगेच "बरं" म्हटलं. इतकं लगेच, की बाबा दोन सेकंद गप्प झाले.

त्या रात्री नवरा आणि मी भांडलो. म्हणजे मीच भांडले. भांड्यांवरून.

आजी वाचली. फेब्रुवारीत माझा निकाल आला, एक साधा ईमेल. मार्चमध्ये मी गावी पोचले तेव्हा ती ओसरीवर बसली होती. तोंड जरा वाकडं, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. शब्द जड झाले होते, पण विचारलं तेच. "झाला का कागद?"

आता गंमत बघा, हल्ली कागद नसतोच. ना पासपोर्टवर स्टिकर, ना कार्ड. ई-व्हिसा असतो, वेबसाइटवर जाऊन बघायचा. तिला दाखवायला फोन काढला, तर ओसरीवर रेंज नाही. अंगणात गेले, पारापर्यंत जाऊन आले. स्क्रीनवर ते चक्र आपलं फिरतंय. फोन तसाच तिच्यासमोर धरला.

"ऱ्हाऊ दे," आजी म्हणाली. "व्हईल." मग डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "दवाखान्यात का न्हाई आलीस?"

"कागद अडकला होता," मी म्हटलं.

"आडकत्यात कागद," ती म्हणाली आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

ड्रॉवरचं मी बोलले नाही.