बुरुजाची नजर

घोडबंदरच्या टेकडीवर उभं राहिलं की उल्हास नदीची खाडी झालेली दिसते. ठाण्याकडून आलेलं मचूळ पाणी नागला बंदराचे रानडोंगर मागे टाकतं, टेकडीच्या पायथ्याशी वळसा घेतं आणि भाईंदर-नायगावच्या दिशेने समुद्राकडे निघतं. पलीकडे कामणचे डोंगर. वसईहून ठाण्याला जाणारं गलबत असो की ठाण्याहून सुटलेला मचवा, त्याला या वळणावरून जावंच लागे. ज्या कुणी ही टेकडी हेरली त्याने खाडीची नाडी बरोबर धरली होती. म्हणून इथे किल्ला झाला आणि किल्ल्याच्या माथ्यावर हा गोल बुरुज उभा राहिला. भिंत अडवण्यासाठी असते. बुरुज बघण्यासाठी असतो. रात्रंदिवस, भरती-ओहोटीला, डोळ्यांत तेल घालून बघण्यासाठी.

बुरुजा, तुला बांधणारे आमचे नव्हते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला आणि ही टेकडी ज्याच्यावर आहे ते साष्टी बेट फिरंगाण झालं. अरबांचे घोडे इथे उतरत म्हणून हे घोडबंदर, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. १६७५ च्या सुमारास जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य या खाडीतून गेला. त्याला इथे मार्टिन अफोन्सो नावाच्या फिरंगी उमरावाचं नेटकं गाव दिसलं आणि सगळ्यांच्या वर त्याचं घर, किल्ला आणि चर्च. गोव्याच्या अलीकडे याच्याइतका धनाढ्य फिरंगी दुसरा नाही, अशी नोंद फ्रायरने करून ठेवली. धन्याचं नाव राहिलं. पण हा काळा पाषाण फोडला कुणी, ऐन वैशाखात तो टेकडीवर चढवला कुणी, चुन्यासाठी शिंपल्यांच्या भट्ट्या रात्रभर कुणी फुंकल्या, याची नोंद करावी असं कुणालाच वाटलं नाही. ते पाथरवट, ते भोई इथल्याच गावांतले असणार. त्यांचे वंशज आजही चेणे, घोडबंदर, डोंगरी, उत्तनमध्ये राहत असतील. तू फिरंग्यांनी बांधलास हे अर्धंच खरं आहे. तुझ्या दगडांखाली ज्यांची बोटं चेंगरली ती माणसं आमचीच होती. तुझ्यासाठी जीव तुटतो तो त्यांच्यामुळेही.

१६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजा इथवर पोचल्या, पण किल्ला हाती लागला नाही. पासष्ट वर्षं गेली. १७३७ च्या वसंतात बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या मोहिमेने साष्टीत पाय रोवला, ठाण्याचा बांधून पुरा न झालेला कोट घेतला आणि त्याच वर्षी घोडबंदरही घेतलं. पुढची दोन वर्षं या खाडीच्या दोन्ही काठांवर जे घडलं त्याची आपल्याला शेवटची ओळ तेवढी पाठ असते : मे १७३९, वसईवर भगवा. त्याआधीची पानं आपण भरभर उलटतो. धारावीचा किल्ला, म्हणजे आपल्या भाईंदरच्या पश्चिमेचा, डोंगरी-चौकच्या माथ्यावरचा, वसईच्या थेट समोरचा, या युद्धात हातचा गेला आणि पुन्हा जिंकावा लागला. १७३९ च्या मार्चमध्ये तो पक्का हाती आला तेव्हा कुठे वसईच्या गळ्याभोवतीचा फास आवळला. मग वसईच्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग पेरले गेले आणि पडलेल्या खिंडारातून माणसं पुढे घुसली. काही सुरुंग उशिरा उडाले आणि आपलीच माणसं त्या दगडांखाली गेली. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, बाजीरावही गेला आणि वर्ष संपता संपता चिमाजी अप्पाही. ज्यांनी खाडी जिंकली त्यांना तिच्याकडे निवांत बघायला दोन वर्षंही मिळाली नाहीत.

जिंकलेल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी देशावर नेल्या. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ साल आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१. त्या आजही वाजतात. गोदावरीच्या काठी तो टोल ऐकला की मला ही खाडी आठवते. घंटा देवळात रुजू झाल्या, नव्या देवाच्या झाल्या, त्यांचं आयुष्य पुढे सुरू राहिलं. बुरुजाला कुठे नेता येणार? तो जिथे होता तिथेच धन्यामागून धनी बघत उभा राहिला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतलं. मग १८६० च्या दशकात भाईंदर आणि वसईच्या मध्ये खाडीवर रेल्वेचा पूल झाला, माल लोखंडावरून धावू लागला आणि गलबतांची वाट ओस पडत गेली. माझ्या मते बुरुजाचा खरा अंत तेव्हा झाला. तोफ लागून नाही, सुरुंग लागूनही नाही. बघण्यासारखं खाली काही उरलं नाही म्हणून.

त्यानंतरचा काळ झाडांचा. वड-पिंपळाचं बी दगडाच्या सांध्यात पडतं, मूळ केसाएवढं असताना कुणाचं लक्ष जात नाही, आणि वीस-पंचवीस पावसाळ्यांत तेच मूळ मांडीएवढं होऊन चिरेबंदी भिंत पोटातून फाडतं. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे आणि मीरा-भाईंदर महापालिकेने त्याच्या संगोपनाची जबाबदारी उचलली. डागडुजी चालू असताना मातीखाली बुजलेली, दार-खिडकी काही नसलेली एक खोली सापडली. तिच्यात काय ठेवत असतील यावर बरेच तर्क झाले. मला तर्कांपेक्षा तिचं अस्तित्वच पुरलं. इतकी शतकं तिच्या डोक्यावरून माणसं चालत गेली आणि तिने आपला काळोख जपून ठेवला.

अशा कामावर जुन्या पद्धतीने सांधे भरणारा गवंडी बघत राहावा. तो आधी सांधा खरवडून मोकळा करतो, धूळ झटकतो, मग दगडाला पोटभर पाणी पाजतो. तहानलेला दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुना धरण्याआधीच भुगा होतो. कळीचा चुना भिजवून मुरवलेला असतो. त्यात विटांची सुरखी आणि वाळू घालून तो घाणीत मळतात, वर गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, कुठे हिरडा. चुन्याचा गोळा थापीच्या टोकाने सांध्यात आत, अगदी आत दाबायचा, आणि वरचा भाग दगडाच्या चेहऱ्यापासून किंचित मागे ठेवायचा, म्हणजे दगड दगडच दिसतो. मग ओलं गोणपाट. सिमेंट काही तासांत घट्ट होऊन बसतं आणि भिंतीतली ओल आत कोंडतं. कोकणातल्या पावसात ती कोंडलेली ओल जुन्या दगडाची कातडी सोलून काढते. चुन्याला घाई नसते. तो ओल बाहेर सोडतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वर्षानुवर्षं पुन्हा दगड होत राहतो. आज भरलेला सांधा पुरता पिकेल तेव्हा तो भरणारा हात कदाचित थकलेला असेल.

हे काम मला मनापासून प्रिय आहे. तरीही दुरुस्त झालेल्या भिंतीसमोर जीव थोडा कासावीस होतो. पिंपळ काढावाच लागतो हे पटतं, पण त्याच्याबरोबर पोपटांची ढोली जाते आणि दीडशे वर्षांचं एकटेपणही पुसलं जातं. भग्न असण्यातही या वास्तूने एक उमर काढली आहे. आता ती दुरुस्तीच्या हिशेबात धरायची कशी?

पण त्याहून मोठी गोष्ट कुठल्याही कामाच्या अंदाजपत्रकात मी पाहिलेली नाही. बुरुजाचे दगड परत बसवता येतात; त्याची नजर कशी परत आणायची? २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर शहराने आठ लाखांचा आकडा ओलांडला. स्वस्त घराच्या आशेने गिरगाव-परळमधून, कोकणातून, राजस्थान-गुजरातमधून, उत्तरेतून माणसं आली आणि मिठागरांच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या. त्या माणसांवर माझा राग नाही, मीही त्यांच्यातलाच. पण घोडबंदर रोडवर गाडीत अडकलेल्या हजारोंपैकी किती जणांना ठाऊक आहे की वर एक बुरुज त्यांच्याकडे बघतोय? आणि त्या बुरुजाला तरी आता काय दिसतं? महामार्ग, वर्सोव्याचा पूल, कठड्यापलीकडे मजल्यावर मजले. खाडी अजून आहे, खारफुटी अजून आहे, तरी त्या दोघींवरही घारीसारखी टपलेली नजर आहे. उद्या टेकडी आणि पाण्याच्या मध्ये एक उंच भिंत उभी राहिली तर भरलेला प्रत्येक सांधा शाबूत असूनही बुरुज आंधळा होईल.

पश्चिमेकडे धारावीच्या माथ्यावर याचंच भावंड आहे. बुरुजाचा थोडा भाग, तटाच्या खुणा, चिमाजी अप्पांचं स्मारक, आणि सुट्टीच्या दिवशी कोयते-फावडी घेऊन गवत काढायला येणारी पोरं. तिथून मात्र अजून वसई दिसते. ज्या तटावर तोफा रोखल्या गेल्या तो तट, मधलं पाणी, उत्तन-पालीच्या मासेमारी होड्या, सगळं एका नजरेत. चिमाजी अप्पांना ही टेकडी का हवी होती ते तिथे उभं राहिल्यावर पुस्तकाविना कळतं. घोडबंदरला ते कळणं हळूहळू बंद होत चाललं आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि ते मी या शहराचा रहिवासी म्हणून करतो. टेकडीच्या पायथ्यापासून खाडीच्या पाण्यापर्यंतची पट्टी मोकळी ठेवा. आराखड्यात तिची रेघ आखा, तिच्यावर उंचीची मर्यादा घाला, खारफुटीला हात लावू नका. आणि शाळेतली मुलं किल्ल्यावर न्याल तेव्हा त्यांना आधी फलक वाचायला लावू नका. बुरुजावर चढवा, तोंड खाडीकडे करून उभी करा आणि विचारा : शत्रूची गलबतं आली असती तर तुम्हाला ती आधी कुठे दिसली असती?